सुवार्ता, शहर आणि संमतीची सीमारेषा

धर्म सांगण्याचा अधिकार राज्यघटनेने दिला. धर्मांतर घडविण्याचा अधिकार मात्र न्यायालयाने नाकारला. या दोहोंमधल्या चिंचोळ्या जागेत आज शहरांमधील ख्रिस्ती सुवार्ताप्रसार उभा आहे. त्याकडे केवळ संशयाने किंवा केवळ सहानुभूतीने पाहून भागणार नाही.

राजस्थान विधानसभेने सप्टेंबर २०२५ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक संमत केले. त्यात सामूहिक धर्मांतराच्या गुन्ह्यासाठी थेट जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. त्याआधी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाने आपला २०२१ चा कायदा अधिक कठोर करून तेथेही शिक्षेची कमाल मर्यादा जन्मठेपेपर्यंत नेली. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती नेमली आणि सक्तीने वा फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतराचा विषय मुंबई-पुण्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील फतेहपूर येथे अशाच आरोपांखाली नोंदविलेले अनेक गुन्हे रद्द केले आणि फौजदारी कायदा हे निरपराधांच्या छळाचे साधन होता कामा नये, असे बजावले.

कायदे कडक होत आहेत आणि त्याच कायद्यांखालील खटले वरिष्ठ न्यायालयांत टिकत नाहीत, हे चित्र विचार करायला लावणारे आहे. धर्मांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा आदिवासी पाडे आणि दुर्गम खेडी डोळ्यांसमोर ठेवून होते. परंतु गेल्या काही दशकांत सुवार्ताप्रसाराचे क्षेत्र मोठ्या प्रमाणावर शहरांत आले आहे. भाड्याच्या सभागृहातील रविवारची उपासना, सोसायटीतील एखाद्या घरी भरणारी प्रार्थनासभा, रेल्वे स्थानकाबाहेर वाटली जाणारी पत्रके, रुग्णालयात आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेली प्रार्थना ही त्याची आजची रूपे होत. हे करणारा माणूस परदेशी नसतो. तो याच शहराचा रहिवासी असतो, याच शहरात मतदान करतो आणि याच शहराचा कर भरतो. अशा नागरिकाने आपल्याच शहरात, आपल्याच शेजाऱ्याला आपली श्रद्धा सांगावी की नाही, आणि सांगायची तर कोणत्या मर्यादेत, हा खरा प्रश्न आहे.

एका शब्दाची कहाणी

या प्रश्नाचे मूळ राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात आहे. त्यात सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याबरोबरच धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार सर्व व्यक्तींना देण्यात आला. यातील ‘प्रसार’ हा शब्द सहजासहजी आलेला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यावर खडाजंगी झाली. धर्म ही व्यक्ती आणि ईश्वर यांच्यातील खासगी बाब असल्याने तिचा प्रसार कशाला हवा, असा आक्षेप तजम्मुल हुसेन यांनी घेतला. लोकनाथ मिश्र यांनी तर या शब्दात देशाच्या ऐक्याला धोका पाहिला. टी. टी. कृष्णम्माचारी, पंडित लक्ष्मीकांत मैत्र आणि कन्हय्यालाल मुन्शी यांनी मात्र तो ठेवण्याच्या बाजूने मत मांडले. मुन्शींचा युक्तिवाद लक्षात घेण्याजोगा आहे. सुवार्ता सांगणे हा ख्रिस्ती समाजाला आपल्या श्रद्धेचा मूलभूत भाग वाटतो आणि अल्पसंख्याकांशी सामंजस्याने झालेल्या तडजोडीत हा शब्द आलेला आहे; तेव्हा तो काढणे म्हणजे ती तडजोड मोडणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. हिंदुत्वाच्या विचाराला परके नसलेल्या, सोमनाथ मंदिराच्या पुनर्निर्माणाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे अशा नेत्याने ही बाजू घेतली होती, याचे आज विस्मरण झाले आहे.

या शब्दाचा अर्थ ठरविण्याची वेळ तीन दशकांनी आली. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये ‘धर्मस्वातंत्र्य’ या नावाने धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले होते. ओडिशाच्या उच्च न्यायालयाने तेथील कायदा घटनाबाह्य ठरविला, तर मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयाने आपल्या राज्यातील कायदा उचलून धरला. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीश अजितनाथ राय यांच्या नेतृत्वाखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात दोन्ही कायदे वैध ठरविले. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगून ती इतरांपर्यंत पोहोचविणे. दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा अधिकार त्यात येत नाही, कारण तसे केल्याने त्या दुसऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण होते, असा त्या निकालाचा आशय होता.

मुंबईचे ख्यातनाम घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाई यांनी या निकालावर अतिशय कठोर टीका केली. ज्याला दुसरा पर्याय ठाऊकच नाही, त्याच्या निवडीच्या स्वातंत्र्याला अर्थ काय, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. प्रसारामुळे ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य संकुचित होत नाही, ते विस्तारते. कोणी कोणाचे ‘धर्मांतर करतो’ ही भाषाच मुळात सदोष आहे; ऐकणारा प्रौढ आणि सुजाण असेल तर धर्म तो स्वतः बदलतो. न्यायालयाने ज्या अधिकाराचा विचार केला तो सांगणाऱ्याचा होता. ऐकून, पारखून, पटले तर स्वीकारण्याचा ऐकणाऱ्याचा अधिकार त्या निकालात बाजूला राहिला. पुढच्या सर्व गुंतागुंतीचे बीज या उणिवेत आहे.

किनाऱ्यावरचा वाद आणि पंचहौदातला चहा

महाराष्ट्रातील शहरांना हा वाद नवा नाही. किंबहुना मराठी सार्वजनिक जीवनाची जडणघडणच काही अंशी या वादातून झाली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. पुढे स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत शाळा काढली आणि भर सभेत शास्त्री-पंडितांशी वाद घातले. १८३९ मध्ये त्यांच्या शाळेतील पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहरात मोठी खळबळ माजली, प्रकरण न्यायालयात गेले आणि शाळेतील मुलांची संख्या एकदम रोडावली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला होता. परंतु तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्यानंतर खरा पेच उभा राहिला. परत आलेल्या त्या मुलाला ज्ञातीत घ्यायला सनातनी तयार होईनात. तेव्हा त्याच्या शुद्धीसाठी पुढे सरसावले ते मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर.

या एका प्रकरणात आजच्या वादाची बहुतेक सर्व अंगे आहेत. सज्ञान व्यक्तीची निवड एकीकडे आणि अजाण मुलाचे संरक्षण दुसरीकडे हा भेद तेव्हाच्या न्यायालयांनीही पाहिला. त्याचबरोबर, जाणाऱ्याला अडविण्याचा आवेश आणि परतणाऱ्याला सामावून घेण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यातून दिसले.

१८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. त्यांची व्याख्याने ऐकायला आणि प्रश्नोत्तरांना लोक गर्दी करीत. हा वाद पुढे ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाला. प्रचाराला प्रतिप्रचाराने, युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देण्याचा हा मार्ग होता. त्यात समाज दुबळा ठरला नाही. उलट आपल्या धर्माची नव्याने मांडणी करण्याची निकड त्याला भासली. मिशनरी टीकेला उत्तर देता देता एकोणिसाव्या शतकातील अनेक हिंदू सुधारकांनी आपलीच परंपरा पारखून घेतली, हे इतिहासाचे अभ्यासक जाणतात.

पुण्यातील अनुभव अधिक कडवट आहेत. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले आदी मंडळी उपस्थित राहिली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि एका पेल्यावरून ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते घेतली गेली. कोणीही धर्म बदलला नव्हता, बदलण्याचा विचारही केला नव्हता. केवळ संपर्काचीच भीती इतकी मोठी होती.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले. उच्चवर्णीय विधवांना शिक्षण देणारी ही संस्था अमेरिकेतील देणग्यांवर चालत होती आणि तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही अशी हमी होती. रमाबाईंचे म्हणणे असे की, संस्थेत मी कोणाला ख्रिस्ती धर्म शिकवीत नाही; परंतु माझी स्वतःची प्रार्थना मी दार लावून करणार नाही. काही मुली त्या प्रार्थनेला बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ मध्ये रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. यातील कोणता पक्ष बरोबर होता, याचे उत्तर आजही सोपे नाही. पालकांना दिलेला शब्द महत्त्वाचा होता, हे खरे. त्याचबरोबर ज्या समाजाने या विधवांना केशवपन आणि स्वयंपाकघर याखेरीज काही दिले नव्हते, त्याला त्यांच्या मनाची चिंता नेमकी तेव्हाच का वाटली, हा प्रश्नही टाळता येत नाही.

प्रचारक बदलला, भाषा बदलली

परक्या सत्तेच्या छायेत आलेला मिशनरी ही प्रतिमा आपल्या मनात अद्याप घट्ट आहे. तिला इतिहासात आधार आहे. गोव्यातील पोर्तुगीज राजवटीचे धार्मिक अत्याचार कोणी नाकारू शकत नाही. तथापि त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले आणि ख्रिस्तकथा मराठी ओवीत आणली. १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’, बाबा पदमनजींची १८५७ मधील ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी, रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हा सारा ऐवज मराठीचा आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आयुष्यभर विदेशी मिशनच्या चौकटीशी झुंज दिली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनाही स्थान होते. धर्मांतरितांची संख्या मोजणाऱ्या सुवार्ताप्रसारापेक्षा ही कल्पना मूलतः वेगळी होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग अपुरा राहिला. परंतु सुवार्ता सांगणे आणि समाजापासून माणूस तोडणे या दोन गोष्टी एकच असल्या पाहिजेत असे नाही, हे त्याने दाखवून दिले.

आजचा शहरी प्रचारक बहुधा जुन्या मिशन संस्थांशी किंवा कॅथलिक धर्मप्रांतांशी जोडलेला नसतो. तो एखाद्या स्वतंत्र, पेंटेकोस्टल वळणाच्या मंडळीचा पाळक असतो. ही परंपराही आपल्याकडे केवळ आयात झालेली नाही. अशा स्वरूपाचे आध्यात्मिक जागरण रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्येच झाले होते. अमेरिकेतील प्रसिद्ध अझुसा स्ट्रीटचे जागरण त्यानंतरच्या वर्षी सुरू झाले. परदेशी निधीची वाटही आता पूर्वीसारखी मोकळी राहिलेली नाही. परदेशी देणग्यांसंबंधीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला असा निधी देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. त्यामुळे लहान मंडळ्यांचा गाडा सदस्यांच्या वर्गणीवरच चालविणे भाग पडते.

अशा मंडळ्यांकडे शहरातील माणूस का जातो? महानगरात आलेल्या स्थलांतरिताला जातीचे, गावाचे, नात्यांचे आधार तुटलेले असतात. नवऱ्याचे व्यसन, मुलाचे आजारपण, कर्ज, एकटेपणा यांत होरपळलेल्या बाईला कोणीतरी नावाने हाक मारते, तिच्यासाठी प्रार्थना करते, पुढच्या रविवारी ती आली नाही तर घरी येऊन चौकशी करते. याच गरजेपोटी कोणी बैठकीला जाते, कोणी सत्संगाला, कोणी विपश्यनेला, कोणी वारीला. शहराने निर्माण केलेली ही पोकळी भरून काढण्याची स्पर्धा सर्वच पंथांत आहे. त्यातील एकाच प्रवाहाकडे फौजदारी नजरेने पाहणे न्यायाला धरून होणार नाही.

आमिषाची व्याख्या करायची कोणी?

येथे कायद्याचा सर्वांत नाजूक मुद्दा येतो. बळजबरी आणि फसवणूक यांनी धर्मांतर होऊ नये, याविषयी दुमत नाही. अडचण ‘आमिष’ या शब्दाची आहे. उत्तर प्रदेशाच्या कायद्यात भेटवस्तू वा रोख रकमेबरोबरच नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतील मोफत शिक्षण आणि चांगल्या जीवनशैलीचे प्रलोभन यांचाही समावेश आमिषात होतो. मध्य प्रदेशाच्या १९६८ च्या कायद्याने तर दैवी अवकृपेची भीती दाखविणे हेही बळजबरीच्या व्याख्येत घातले होते. आता, देवाच्या कृपेविषयी वा कोपाविषयी काहीच न बोलणारा धर्मोपदेश कोणत्या धर्मात सापडेल? आणि मोफत शिक्षण वा औषधोपचार हे आमिष मानायचे, तर अन्नछत्र, धर्मशाळा, लंगर आणि वसतिगृह चालविणाऱ्या सर्वच संस्थांना तो निकष लागू करावा लागेल.

दुसरा आक्षेप पूर्वसूचनेचा. धर्म बदलण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, त्यावर चौकशी व्हावी, अशी तरतूद अनेक राज्यांत आहे. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तेथील तीस दिवसांच्या पूर्वसूचनेची अट रद्द केली. आपली श्रद्धा कोणती हे स्वतःपाशी ठेवण्याचाही अधिकार नागरिकाला आहे, अशी त्यामागची भूमिका होती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमुखाने सांगितल्यावर तर ही अट अधिकच शंकास्पद ठरते. मोठ्या शहरातील सुशिक्षित नागरिकाला अशी सूचना ही केवळ कागदी कटकट वाटेल. परंतु नातेवाईक, जात, घरमालक आणि स्थानिक संघटना यांच्या दडपणाखाली जगणाऱ्या वस्तीतील तरुणीसाठी ती जाहीर धिंडही ठरू शकते.

तिसरी बाब म्हणजे तक्रार कोणी करायची. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये कोणाही व्यक्तीला तक्रारीचा अधिकार दिला आणि धर्मांतर वैध असल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर तर आधीपासूनच होता. ज्याची फसवणूक झाली असे म्हणायचे त्याची तक्रारच नाही आणि त्रयस्थाच्या सांगण्यावरून पाळकाला अटक, ही रचना गैरवापराला आमंत्रण देणारी आहे. फतेहपूरच्या प्रकरणांतून हेच समोर आले. शिवाय राजस्थानसारख्या कायद्यात ‘मूळ’ वा ‘पूर्वजांच्या’ धर्मात परतण्याला धर्मांतर मानलेले नाही. सक्ती वाईट असेल तर ती दोन्ही दिशांनी वाईट असली पाहिजे. एकाच दिशेची वाहतूक रोखणारा नाका हा स्वातंत्र्याचे रक्षण करतो असे म्हणणे कठीण आहे.

महाराष्ट्रापुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आधुनिक भारतातील हे सर्वांत मोठे आणि सर्वांत विचारपूर्वक केलेले धर्मांतर होते. आज ‘सामूहिक धर्मांतर’ हा शब्द कायद्यात गुन्ह्याची तीव्रता वाढविणारा म्हणून येतो तेव्हा त्या घटनेचे काय म्हणायचे? ही शंका काल्पनिक नाही. गुजरातच्या गृहखात्याने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाण्यासाठीही तेथील कायद्यानुसार पूर्वपरवानगी आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. ख्रिस्ती प्रचारकाला डोळ्यांसमोर ठेवून विणलेले जाळे दीक्षाभूमीपर्यंत पसरू शकते, याचे भान आंबेडकरी समाजाने आणि सर्वच पुरोगामी मंडळींनी ठेवले पाहिजे.

मंडळ्यांनीही आरशात पाहावे

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. सुवार्ताप्रसाराविषयी शहरवासीयांच्या मनात असलेली नाराजी सर्वस्वी निराधार नाही. शेजाऱ्यांच्या दैवतांना सैतान ठरविणारी भाषणे, आजार हमखास बरा करण्याचे दावे करणारे फलक, अगतिक रुग्णाच्या नातलगांची गाठ घेण्याची घाई, किती जणांनी बाप्तिस्मा घेतला याची बढाई, हे प्रकार काही मंडळ्यांत घडतात. ते संविधानाच्या आश्रयाला पात्र आहेत की नाहीत हा वेगळा मुद्दा. ते ख्रिस्ती धर्मालाच शोभणारे नाहीत.

चेन्नईतील एका पेंटेकोस्टल चर्चच्या ध्वनिक्षेपकांवरून शेजारच्या वसाहतीशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ऑगस्ट २००० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. शहरात श्रद्धेला आवाजाची मर्यादा आहे, हा त्या निकालाचा धडा भोंगे, महाआरत्या आणि गणेशोत्सवातील ध्वनिवर्धक भिंती यांच्याइतकाच रविवारच्या उपासनेलाही लागू आहे. रोगनिवारणाच्या दाव्यांबाबतही तसेच. चमत्काराचा दावा करून फसवणूक करण्याला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा बुवा, मौलवी वा पाळक असा भेद करीत नाही. प्रार्थनेने मनाला बळ मिळते असे सांगणे श्रद्धेचा भाग आहे. औषध बंद करा असे सांगणे हा जिवाशी खेळ आहे.

या संदर्भात ख्रिस्ती जगानेच स्वतःसाठी आखलेली एक आचारसंहिता उपयोगी पडावी. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हॅन्जेलिकल संघटना या एरवी परस्परांपासून दूर असणाऱ्या तीन प्रवाहांनी जून २०११ मध्ये बहुधर्मीय जगातील ख्रिस्ती साक्षीविषयी संयुक्त शिफारशी प्रसिद्ध केल्या. सेवाकार्यात आर्थिक वा अन्य प्रलोभन नको, गरिबीचा आणि अगतिकतेचा गैरफायदा नको, रोगनिवारणाच्या सेवेत माणसाची प्रतिष्ठा जपली पाहिजे, अन्य धर्मांविषयी खोटी साक्ष देऊ नये आणि धर्म बदलण्याचा निर्णय घेणाऱ्याला विचार करण्यास पुरेसा अवकाश मिळाला पाहिजे, असे त्यांत नि:संदिग्धपणे म्हटले आहे. आपल्या शहरांतील मंडळ्यांनी हा दस्तऐवज मराठीत आणून आपल्या दारावर लावला, सेवाकार्याचे हिशेब खुले ठेवले आणि पालकांच्या लेखी संमतीविना अल्पवयीनांना धर्मशिक्षण देणार नाही असे जाहीर केले, तर निम्मा संशय आपोआप गळून पडेल.

आकडे काय सांगतात?

धर्मांतराच्या लाटेविषयी बोलताना आकड्यांकडे पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २ कोटी ७८ लाख, म्हणजे २.३ टक्के होती. २००१ मध्येही हे प्रमाण जवळपास तेवढेच होते. महाराष्ट्रात ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी भरली. अमेरिकन मिशनऱ्यांच्या आगमनानंतर दोनशे वर्षांनी, शेकडो शाळा आणि रुग्णालये उभी राहिल्यानंतरचा हा आकडा आहे.

यावर असा युक्तिवाद केला जातो की, अनेक दलित ख्रिस्ती कागदोपत्री हिंदूच राहतात, त्यामुळे आकडे फसवे आहेत. यात तथ्य असू शकते. परंतु त्याचे कारणही तपासावे लागेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा केवळ हिंदूंना होता. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजवर त्याबाहेर राहिले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. धर्म बदलल्याने जात सुटत नाही, चर्चमध्येही ती पाठ सोडत नाही, हे वास्तव आहे. तेव्हा ज्याला ‘आमिष’ म्हटले जाते त्याच्या नेमके उलट घडते. शहरातील एखादा दलित तरुण उघडपणे ख्रिस्ती झाला तर त्याला शिष्यवृत्ती, आरक्षण आणि अत्याचारविरोधी कायद्याचे संरक्षण गमवावे लागते. राज्यसंस्थेने त्याच्या श्रद्धेवर लावलेली ही किंमत आहे.

संमती हाच निकष

या साऱ्या गुंत्यातून बाहेर पडण्यासाठी एकच निकष पुरेसा ठरावा, तो म्हणजे सज्ञान व्यक्तीची खरीखुरी संमती. जेथे धमकी आहे, फसवणूक आहे, अल्पवयीनाचा वापर आहे, उपचार वा शिक्षण धर्मांतराच्या अटीवर दिले जात आहे, तेथे शिक्षा व्हायलाच हवी. त्यासाठी दंडसंहितेतील तरतुदींचा चोख वापर व्हावा. मात्र तक्रार त्या व्यक्तीची किंवा तिच्या निकटच्या आप्तांची असावी, पुराव्याचा भार नेहमीप्रमाणे फिर्यादीवर असावा आणि ज्याने स्वेच्छेने निवड केली त्याचे नाव सरकारी फलकावर लागू नये. पोलिसांनीही प्रार्थनासभेत शिरलेल्या जमावाची फिर्याद आधी आणि ज्यांना मारहाण झाली त्यांची नंतर, किंवा कधीच नाही, हा क्रम बदलायला हवा.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. वसईतून निघणाऱ्या ‘सुवार्ता’ या मासिकाचे दीर्घकाळ संपादन करणारे, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे आणि हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेले हे धर्मगुरू. त्यांच्या निवडीला केवळ ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला; तरीही मराठी साहित्यविश्वाने त्यांना स्वीकारले आणि त्यांनीही त्या व्यासपीठावरून बोलताना आपली श्रद्धा लपविली नाही. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा महाराष्ट्राने एका मराठी लेखकाला निरोप दिला. सुवार्ता सांगणारा माणूस शहराच्या पाण्यासाठी, झाडांसाठी आणि भाषेसाठी उभा राहिला, तर त्याच्या हेतूविषयी शेजाऱ्यांना शंका घ्यावी लागत नाही, हे वसईने पाहिले आहे.

शहर हे अनोळखी माणसांचे असते. तेथे कोणी आपले म्हणणे घेऊन दारी येणार, कोणी पत्रक हातात ठेवणार, हे गृहीतच आहे. पटले तर ऐकावे, न पटल्यास दार लावून घ्यावे, हा नागरिकाचा अधिकार आहे. ते दार त्याच्या वतीने शासनाने लावू नये आणि प्रचारकानेही त्यात पाय अडकवू नये.